शकूताई, ते वर्ष मी घालवलं

ताई, परवा तुमच्या दहाव्याला मी भांडून आले. नदीवर, माईकवरून भाषणं चालू असताना. तुम्ही असता तर माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाला असता, "रूपे, जागा तरी बघ की गं!"

भाषणं नेहमीचीच. जन्म कुठला, सासर कुठलं, अंगणवाडी किती वर्षं चालवली, किती पोरं हाताखालून गेली. एका पुढाऱ्यानं तर शकुंतलाबाईंच्या जागी शारदाबाई म्हणून तुम्हाला श्रद्धांजली वाहिली आणि बायकांत हसू पिकलं. मीही पदरात तोंड घालून हसले. तेवढ्यात माझ्या मागं बसलेली वरच्या आळीची एक बाई शेजारणीला म्हणाली, "बाई लई चांगली वो, पण त्या रूपालीच्या पोरीचं वरीस घालवलं हिनं."

मी मागं वळले आणि तोंडाला येईल ते बोलले. मेलेल्या माणसावर आळ घेताना लाज कशी वाटत नाही, इथपासून सुरुवात केली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "अगं, तूच सांगत फिरायचीस की गावभर."

मी खाली बसले. खरंच होतं ते. ते वाक्य माझंच. चार वर्षांपूर्वी नळावर, गिरणीत, सोयऱ्याधायऱ्यांत मीच ते वाटलं होतं. आणि ते खोटं आहे हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, असंच मला वाटायचं. तुम्ही समोर होता तोवर सांगायचा धीर झाला नाही. आता तुम्ही मधे बोलणार नाही, म्हणून वही घेऊन बसलेय.

इशू साडेचार वर्षांची होती. तुम्ही भर दुपारी आमच्या मार्गासनीच्या घरी आलात. हाताला खिचडीच्या हळदीचा पिवळा डाग तसाच. उंबऱ्यावर बसलात, तांब्याभर पाणी प्यालात आणि विचारलंत, "रूपे, तुजी पोर एकटी खेळताना कधी नीट बगितलीस का?"

"खेळती की. सगळीच खेळत्यात."

"सगळी खेळत्यात ती मला बगून खेळत्यात," तुम्ही म्हणालात. "एखादं पोर खोटं खोटं फोनवर बोलतं, तवा डोळ्याच्या कोपऱ्यातनं बगतं, बाई हसती का न्हाई. कटाळलं की फोन टाकतं न पळतं. ही बगत न्हाई. हिला खेळ थांबवता यीना झालाय. काल घास हातात धरून भिंतीकडं बगत बसली न् मग दोनी कानांवर हात दाबून रडली. कोण बोलतंय गं, म्हणून इचारलं तर म्हणली, हळू बोला, ती ऐकत्यात."

मी काय केलं? भांडले. "माजी पोर येडी हाय म्हणायचंय का तुमाला?" तुम्ही चिडला नाहीत. "येडी म्हणायला म्या कोण? म्या रोज चाळीस पोरं बगती. त्यातली एक भेदरल्याली हाय, एवढंच म्हणती."

आता विचार करते, तेव्हा कुणाला कळावं तरी कसं? माझं माहेर गुंजवणी नदीच्या अंगाला. आमची खालची शेती धरणाच्या पाण्यात गेली. आमचे अण्णा इशूला मांडीवर घेऊन पाण्याकडं बोट दाखवायचे. तिथं खाली आपलं खळं, तिथं विहीर, तिथं आंबा. मग इशू म्हणू लागली, "खालची माणसं मला बोलावत्यात." आम्ही सगळे हसलो. आज्ज्याचीच नात, गोष्टी रचते. अण्णांना तर कौतुक. ताप असता तर कपाळाला हात लावून समजला असता. इथं पोर गोष्ट सांगतेय, का स्वप्न सांगतेय, का तिला खरंच काही ऐकू येतंय, हे पाच वर्षांच्या पोरीला कोण विचारणार आणि ती काय सांगणार? आवाज सगळ्यांनाच येत असणार असंच तिला वाटायचं.

भोरला कान तपासले. कान चांगले. नसरापूरच्या डॉक्टरांनी जंताचं औषध आणि लाल टॉनिक दिलं. तिचा बाप, म्हणजे आमचे संतोष, टेम्पोवर असतात. ते म्हणाले मोबाईलचा परिणाम आहे, आणि मोबाईल फळीवर चढला. सासूबाई म्हणाल्या, अशक्तपणा. शाळेत गेल्यावर गुरुजी म्हणाले, लक्ष नाही, चुळबुळी आहे. कुणी खोटं बोलत नव्हतं, ताई. ज्याला जे दिसलं ते तो सांगत होता. तुम्ही एकट्याच सारखं एक धरून बसला होता, "पुण्याला दाखवू. ल्हान पोरांच्या मनाचे डॉक्टर आसत्यात तितं."

आणि शेवटी आपण निघालो तेव्हा जे झालं, ते आपल्याच लोकांत होऊ शकतं. सुपरवायझर मॅडमची व्हिजिट म्हटली की तुमची काय धांदल असायची! भिंतीवर तक्ते, पोरांची नखं, भांग, शेंबूड. आणि पाठांतर. "मॅडमनी इचारलं काय खाल्लं, तर काय म्हणायचं?" एकदा शिंद्यांच्या बारक्यानं तर आठवड्याचा सगळा आहार एका दमात म्हणून दाखवला, खिचडी, उसळ, लापशी, आणि मॅडम म्हणाल्या, "बाळा, आज काय खाल्लंस?" तर तो म्हणाला, "आज न्हाई शिजलं." तुमचा चेहरा! मी खिडकीतून बघत होते, मला हसू आवरेना. साहेब आला की पोर उजळून दाखवायचं, ही आपली रीतच आहे. पाहुणा आला तरी आपण तेच करतो. नाव सांग, पाया पड, कविता म्हण.

तर पुण्याला जायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही लाल रिबिनी घेऊन आलात. इशूची नखं काढलीत. रंग विचारलेत, पन्नासपर्यंत आकडे म्हणून घेतलेत, कविता घेतलीत. "पोर हुशार हाय ही डॉक्टरला दिसाया पायजे. न्हायतर मंद म्हणून बसवत्याल कोपऱ्यात." तुमचा गुन्हा एवढाच. रंग आणि पन्नासपर्यंत आकडे.

आता माझा ऐका.

नसरापूरपर्यंत रिक्षा, तिथून एसटी. तुम्हाला गाडी लागायची. तुम्ही पुढच्या सीटवर लिंबू हुंगत डोळे मिटून बसला होता, आणि मागं मी न् इशू. पुणं जवळ आलं तशी मी इशूला जवळ ओढलं. मला वाटलं, ही तिथं बोलली तर ते हिला ठेवून घेतील. कागदावर काहीतरी लिहितील. उद्या हिचं लग्न कसं होणार? सहा वर्षांच्या पोरीच्या लग्नाचा विचार करत होते मी, ताई. तिच्या कानाला लागून म्हणाले, "खालच्या माणसांचं काय बोलायचं न्हाई. बोललीस तर डॉक्टर तुला हितंच ठिवतील, न् आय घरी जाईल."

दवाखान्यात आत फक्त आईला आणि पोरीला सोडलं. तुम्ही बाहेर बाकावर. इशूनं रंग सांगितले, आकडे म्हटले, कविता तर हातवारे करून म्हटली. डॉक्टर मॅडम हसल्या. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि अगदी हळू विचारलं, "इशू, इतरांना ऐकू येत नाही असं कुणी तुझ्याशी बोलतं का गं?"

इशूनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मला अजून दिसते. "न्हाई," म्हणाली.

मॅडमनी मला विचारलं. मी म्हणाले, "आज्जा गोष्टी सांगत्यात, त्येच बडबडती." त्या बिचाऱ्या काय करणार? या वयात मुलं कल्पनेत रमतात, घाईनं काही लिहायला नको, पण तीन महिन्यांनी परत आणा आणि काही वेगळं दिसलं तर लगेच या, असं त्यांनी दोनदा सांगितलं. बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, "समदं सांगितलंस न्हवं?" मी म्हणाले, "व्हय." वर तुम्हाला वडापाव खाऊ घातला.

तीन महिन्यांनी तुम्ही आठवण केलीत, तेव्हा आमची भातलावणी होती. मग काढणी. मग नणंदेचं लग्न. तुम्ही म्हणायचा, "रूपे, पोर वाळाय लागलीय," आणि मी म्हणायची, "डॉक्टरनी चांगली हाय म्हणून सांगितलंय." असं वर्ष गेलं.

उन्हाळ्यात माहेरी होते. सकाळी माझ्या भावाला धरणाच्या काठावर इशूच्या चपला दिसल्या. नीट जोडून ठेवलेल्या. पोर कमरेइतक्या पाण्यात उभी, आणि पुढं चाललेली. त्यानं उडी टाकून उचलून आणली. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. "ती थांबल्यात ना," एवढंच म्हणत होती. पुढचं मला सांगवत नाही. तुम्ही पुतण्याच्या गाडीवर बसून आलात, तासाभरात. गाडी लागते म्हणणारी बाई त्या वळणाच्या रस्त्यानं मोटरसायकलवर आली. इशूला गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलंत. मी नुसती तिच्या चपला धरून उभी होते, तर मला म्हणालात, "जा, चहा टाक." मला हाताला काम दिलंत.

दुसऱ्या दिवशी परत पुणं. आता तुम्ही आत आलात, मॅडमनीच बोलावलं. त्यांनी जुना कागद बघितला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मागच्या वेळी यातलं काहीच कसं नाही सांगितलं?"

मी तोंड उघडलं होतं, ताई. देवाशपथ उघडलं होतं. पण तुम्ही आधी बोललात. "चूक माजी हाय, मॅडम. म्या पोरीकडनं पाठ करून घ्येतलं व्हतं. अंगणवाडीची सवय. पोर चांगली दिसाया पायजे म्हणून."

आणि मी तोंड मिटलं.

मॅडम तुम्हाला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, एवढ्या लहान मुलाचं रक्त तपासून हे कळत नाही, फोटो काढून कळत नाही. त्याच्या तोंडून आणि त्याच्या माणसांच्या तोंडून जे येतं, तेवढंच आमच्या हातात असतं. तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. ते सगळं माझ्यासाठी होतं.

घरी आल्यावर संतोषनी विचारलं, पहिल्यांदाच कसं कळलं नाही? मी म्हणाले, "ताईंनी पढवून नेली व्हती." किती सोपं गेलं! मग सासूबाईंना सांगितलं, मग नळावर. प्रत्येक वेळी थोडं आणखी खरं वाटायचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवात तर दहा बायकांपुढं मी तुम्हाला म्हणाले, "माज्या पोरीचा पोपट केलासा तुमी." तुम्ही वाण घेतलंत, तिळगूळ घेतलात आणि गेलात. सासूबाईंनी तुम्हाला चहा विचारायचं सोडलं.

आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. हातात दोनशे पानी वही. मॅडमनी सांगितलं होतं ना, रोजचं लिहा. झोप किती, जेवली काय, कशाला घाबरली, कधी हसली. मी कंटाळा करायची, चार दिवसांचं एकदम लिहायची. तुम्हाला ते बरोबर समजायचं. "चारी दिस एकाच पेनानं न् एकाच अक्षरात? रूपे, म्या तीस वर्सं रजिस्टरं लिवली, मला शिकवती व्हय?" ती वही मग तुम्हीच चालवलीत. चार वर्षांत सहा वह्या. शाळा सुटल्यावर इशू तुमच्याकडं यायची, तुम्ही तांदूळ निवडत तिच्याशी बोलायचा. काय ऐकू येतंय हे तिनं तुम्हाला न घाबरता सांगायचं, आणि तुम्ही "आसं व्हय?" म्हणून ऐकायचं. नाही म्हणायचं नाही, हो म्हणायचं नाही. हे तुम्हाला कुणी शिकवलं?

औषध सुरू झालं, बदललं, परत बदललं. एकदा इतकी झोपाळू झाली की ताटावर मान टाकायची. एकदा इतकी आनंदात की पाच दिवस बोलतच होती, आणि मॅडम म्हणाल्या, आता वेगळाही विचार करावा लागेल. एवढ्या वर्षांनंतरही कागदावर आजाराच्या नावापुढं प्रश्नचिन्ह आहे. त्यावरून आपण किती भांडलो! मी म्हणायची, "एवढी सगळी तपासणी, न् नाव सांगता यीना?" तुम्ही म्हणायचा, "ऱ्हाऊ दे की ते चिन्ह. डॉक्टर आजून बगतीय आसा त्येचा अर्थ. पोर वाढती, तसा आजारबी तोंड बदलतो." आणि इशूच्या वर्गशिक्षिकेला सांगायचं का, हे दुसरं भांडण. तुम्ही म्हणायचा सांग, मी म्हणायची नको, गावात नाव पडेल. तुम्ही हसून लोटपोट. "तुला कागदावर नाव पायजे, न् ते कुणाला कळाया नगं. आसलं कसलं गं नाव?"

शेवटच्या रविवारी हेच चाललं होतं. तुम्ही म्हणालात, "आता मला दमायला झालंय. बुदवारी भांडू." बुधवार यायच्या आत तुम्ही गेलात. मी इकडं उत्तर तयार करून ठेवलं होतं, चांगलं टोचेल असं. आता कुणाला टोचू?

तुमच्यामुळं माझी पोर जिवंत आहे, ताई. सहावीला आहे. चित्रं काढते, माझ्यावर डाफरते, केसांना तेल लावू देत नाही. वाईट आठवडे येतात. पण ती सांगते. "आय, आज आवाज मोठा हाय," म्हणून सांगते, आणि मी घाबरत नाही, निदान तोंडावर दाखवत नाही. तुम्ही गेल्यावर मला धास्ती होती की ती कोलमडेल. दोन दिवस जेवली नाही. मग तुमची सहावी वही काढली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, "झोप लागली नाही. ताईंची आठवण आली. रडले." मॅडमना फोनवर वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, हे आजाराचं नाही, हे माणसासारखं आहे. पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी इतकं ठाम सांगितलं.

दहाव्याहून आल्यावर मला चैन पडेना. काल दुपारी इशूला समोर बसवलं. म्हटलं, ताईंना सांगायचं राहिलं, निदान हिला तरी सांगावं. म्हणाले, "इशू, तू ल्हान व्हतीस, तुला आठवत नसंल. पुण्याला पैल्यांदा गेलो तवा एसटीत म्याच तुला बोलू नगं म्हणून सांगितलं व्हतं. ताईंची चूक नव्हती. माजी व्हती."

ती चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "मला आठवतंय की. ताईंनाबी म्हाईत व्हतं."

"ताईंना? कसं काय?"

"म्याच सांगितलं. पाण्यातनं काढलं त्या दिवशी. तू चहा टाकाय गेली व्हतीस तवा."

"मग ताई काय म्हणल्या?"

"म्हणल्या, आयला आत्ता काय बोलू नगं. ती आदीच लई भ्यालीय. म्या बगते."

म्हणजे दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढं "चूक माजी हाय" म्हणालात, तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. मी नळावर बोलायची तेव्हा माहीत होतं. दहा बायकांपुढं हातात तिळगूळ घेऊन उभ्या होता, तेव्हाही. एक शब्द नाही काढलात. अहो, एकदा तरी झापायचं होतं मला! चार वर्षं तुमच्याशी भांडले, प्रश्नचिन्हावरून भांडले, शाळेवरून भांडले, आणि जे भांडण तुमचं होतं ते तुम्ही कधी काढलंच नाहीत.

मागच्या वर्षी एकदा इशूचा महिना चांगला गेला होता. मी खुशीत होते. तुम्हाला चहा दिला, शेजारी बसले आणि मोठ्या मनानं म्हणाले, "ताई, झालं गेलं. त्या वर्षाचं म्या मनातनं काढून टाकलं. तुमच्यावर माजा राग न्हाई." तुम्ही कप खाली ठेवलात, माझ्या गालावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "लई मोठं मन हाय गं रूपे तुजं."

मला ते खरं वाटलं होतं, ताई.